चिपळूणला गाडी थांबली, तिथपासून बोलू

वाचकाचं पत्र

नमस्कार मावशी,

मी ४१ वर्षांची, डोंबिवलीला राहते. आई गेली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून बाबा माझ्याकडे असतात. धाकटा भाऊ पुण्याला. बाबांचं वय ७४, गाव देवरुखच्या बाजूला. आमचं गावी जाणं होतं ते मे महिन्यात, नाहीतर गणपतीत. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आत्ता गावात लावण्या चालू असतील." मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "उद्या जाऊया का?" नवरा म्हणाला, जा, घराचं आणि मुलीचं मी बघतो. पहाटे दिव्याला जाऊन पॅसेंजर पकडली आणि संगमेश्वरला उतरलो. चुलतभावाला फोन केला तो गाडीत बसल्यावर.

शनिवार फार सुंदर गेला. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर उभे होते आणि रोप कसं धरायचं ते ओरडून सांगत होते. रविवारी सकाळपासून पाऊस थांबेना. चुलतभाऊ म्हणाला, आजचा दिवस राहा. पण सोमवारी ऑफिसला दांडी नको म्हणून मी निघाले.

गाडी चिपळूणला आली आणि हललीच नाही. खेडच्या पलीकडे रुळावर माती आली होती. पाच तास बसलो. साडेआठला लोक पिशव्या घेऊन बाहेर पडायला लागले, तेव्हा आम्हीही उठलो. बाहेर एक जीपवाला पनवेलपर्यंत सोडतो म्हणाला, माणशी हजार रुपये. कशेडी उतरल्यावर जीप बंद पडली. दोन तास एका बंद टपरीच्या पत्र्याखाली घोटाभर पाण्यात उभे होतो. फोन दहालाच बंद पडला होता. शेजारच्या बाईंनी त्यांचा फोन पुढे केला, पण मला एकही नंबर पाठ नाही. बाबांना आठवला तो आमच्या जुन्या लँडलाइनचा. शेवटी भाजीच्या टेम्पोवाल्याने महाडच्या स्टँडवर सोडलं. तिथे बाकावर रात्र काढली. बाबा म्हणाले, तू पड, पिशव्या मी बघतो. सकाळी सहाला कँटीनमध्ये फोन लावून घरी कळवलं. मग एसटी, ती पेणजवळ अडीच तास अडकली. मग पनवेल, ठाणे, लोकल. सोमवारी दुपारी साडेतीनला घरात पाऊल टाकलं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या रविवार सकाळपर्यंतच्याच होत्या. त्यांचे पाय सुजले, तीन दिवस ताप आला. आता बरे आहेत.

नवऱ्याने रविवारी रात्री अकराला भावाला फोन करून विचारलं होतं, तिचा काही फोन आला का. भावाला तोवर आम्ही गावी गेलोय हेच माहीत नव्हतं. सोमवारी संध्याकाळी तो पुण्याहून आला आणि दारातच म्हणाला, "बाबांच्या जिवाशी खेळायचा अधिकार तुला कोणी दिला?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बाबांना पुण्याला नेतो म्हणतो. आणि बाबा मला रोज विचारतात, "पुन्हा कधी जायचं?" मी विषय बदलते.

मावशी, काही न ठरवता निघाले हेच माझं चुकलं का?

एक वाचक, डोंबिवली

उत्तर

बाळ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना बाबांच्या पायांकडेच लक्ष होतं, दुसऱ्यांदा तुझ्याकडे. तिसऱ्यांदा तुझ्या भावाकडे गेलं, आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी तू जे विचारलंस ते. गेलीस हे चुकलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ताटावर बसून म्हणतो, "लावण्या चालू असतील," तेव्हा ते वाक्य ऐकू येणारी मुलगी घरात असावी लागते. पुष्कळ घरांत ते वाक्य आमटीबरोबर गिळलं जातं. ठरवून गेली असतीस तर रजा, रिझर्वेशन, मुलीची परीक्षा, पावसाचा अंदाज यांत श्रावण उजाडला असता आणि लावण्या संपल्या असत्या. लावणी कुणाच्या रजेसाठी थांबत नाही. रोप तयार झालं, चिखलणी झाली की आठ-पंधरा दिवसांत उरकावी लागते. तू त्याच आठवड्यात नेलंस. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही, मला ते मनापासून बरोबर वाटतं.

चुकलं ते परतताना. आणि तेही कुठे, ते नेमकं बघूया, कारण "सगळंच चुकलं" असं म्हटलं की माणूस पुढच्या वेळी घरातच बसतो.

शनिवारी पहाटे निघालीस तेव्हा तू मोकळी होतीस. रविवारी दुपारी निघालीस तेव्हा तुझ्या पायाला सोमवारी सकाळचं ऑफिस बांधलेलं होतं. चुलतभाऊ म्हणाला, राहा. त्याने सकाळपासून आभाळ बघितलं होतं. कोकणातला माणूस आषाढात "आज राहा" म्हणतो तेव्हा तो नुसता आग्रह नसतो, त्याला वहाळाचं पाणी दिसत असतं. तू नाही म्हणालीस आणि शेवटी सोमवारची दांडी पडलीच, वर बाबांची रात्र गेली. तुझ्या ऑफिसात एक फोन केला असतास, तर काय झालं असतं? तू पत्रात ते लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, फारसं काही झालं नसतं.

त्या मार्गाचं थोडं सांगते, कारण दिव्याहून गाडीत बसणाऱ्या सगळ्यांनीच ते डोक्यात ठेवायला हवं. कोकण रेल्वेवर सबंध मार्गाने गाड्या धावायला लागल्या त्या २६ जानेवारी १९९८ पासून. रोह्यापासून खाली मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत हा रस्ता डोंगर कापत, ९१ बोगद्यांतून जातो. कापलेल्या डोंगराची माती जुलैत पाणी पिऊन जड होते आणि सुटते. म्हणून तिथे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, पूर्वी १० जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असायचं, २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं केलं. या दिवसांत गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, जोराच्या पावसात वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात, आणि धोक्याच्या कटिंगवर गस्तीची माणसं रात्रंदिवस फिरत असतात. एवढं करूनही १४ जुलै २०२४ ला, रविवारीच, खेडच्या पुढे दिवाणखवटीला रुळावर माती आली आणि वाहतूक जवळजवळ चोवीस तास बंद राहिली. तेव्हा तुझी गाडी अडली, हे तुझं दुर्दैवही नाही आणि तुझी चूकही नाही. गाडी चिपळूणला थांबवून ठेवली, म्हणजे कुणीतरी आपलं काम नीट केलं.

आता साडेआठ वाजता चिपळूण स्टेशनवर ये. माझ्याबरोबर परत उभी राहा तिथे.

तुझ्याजवळ काय होतं? डोक्यावर छप्पर होतं, दिवे होते, बाबांना बसायला डब्यातला बाक होता, संडास होता, चहा मिळत होता. तुझ्यासारखीच अडकलेली शे-दोनशे माणसं होती. स्टेशन मास्तर होता, ज्याला पुढचं पहिलं कळणार होतं. गाडी फार वेळ अडली की एसटीच्या गाड्या मागवून लोकांना पुढे पोचवायची सोय पुष्कळदा केली जाते, आणि ती सोय स्टेशनवर थांबलेल्यांना मिळते, बाहेर पडलेल्यांना नाही. बाहेर काय होतं? अंधार, पाऊस, घाट, आणि ज्याचं नावगाव माहीत नाही असा एक जीपवाला.

लोक उठले म्हणून तू उठलीस. हे मला फार कळतं. गर्दी उठली की बसून राहणाऱ्याला आपणच मागे राहिल्यासारखं वाटतं. पण उठणाऱ्यांत बहुतेक तरणी पोरं असतील, पाठीला सॅक लावलेली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बरोबर घेऊन किती जण उठले होते?

आणि त्या रस्त्याबद्दल मला जरा कडक बोलू दे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस त्या काळोखात पाण्यात गेल्या. त्यांच्या चालकांची काही चूक नव्हती, पुढे पूल नाही हे दिसलंच नाही. आज तिथे नवा पूल आहे. पण धो धो पावसात, रात्री, त्या पट्ट्यात वयस्क माणसाला घेऊन जायचं नाही, एवढं एक मी माझ्या घरात तेव्हापासून ठरवून टाकलं आहे. तुला घाबरवायला नाही सांगत. तुझा भाऊ रात्री अकरानंतर काय काय आठवत बसला असेल, ते तुला कळावं म्हणून सांगते.

मीसुद्धा एकदा अशीच हट्टाला पेटले होते. १९८७ सालची गोष्ट, मुलगा दीड वर्षाचा. माहेरून कोल्हापूरला परत निघाले होते, करूळ घाटात झाड पडलं. कंडक्टरने गाडी वळवून वैभववाडीला आणली आणि सांगितलं, सकाळशिवाय हलणार नाही. मी त्या माणसाशी भांडले. पोराला दूध नाही, घरी सासूबाई वाट बघतात, तुम्हाला काय पडलंय, सगळं बोलून घेतलं. तो काही बोलला नाही. कुठूनतरी पितळी भांड्यात दूध घेऊन आला, वर केळीचं पान झाकलेलं. सकाळी घाट चढताना बघितलं, तर पडलेल्या झाडाच्या पुढच्या वळणावर अर्धा रस्ता मातीखाली होता. कोल्हापूरला पोचले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. स्वयंपाकघरात माझं रात्रीचं ताट झाकून ठेवलेलं होतं, आणि त्यांचंही, शेजारी. दोन्ही ताटं तशीच.

त्या दुसऱ्या ताटावरून मी तुझ्या भावाकडे येते.

तुझ्या पत्रात तू सगळ्यात लांब लिहिलंस ते जीप, टपरी, टेम्पो, एसटी यांबद्दल. साहजिक आहे, ते तुझ्या अंगावरून गेलं. भावाबद्दल एक ओळ लिहून पुढे गेलीस: त्याला तोवर आपण गावी गेलोय हेच माहीत नव्हतं. बाळ, त्या ओळीवर जरा थांब. रात्री अकरा वाजता मेहुण्याचा फोन येतो. पहिल्या वाक्यात कळतं की बाबा कोकणात गेलेत, दुसऱ्या वाक्यात कळतं की त्यांचा ठावठिकाणा नाही. तिथून सकाळी सहापर्यंत सात तास. गाडी चिपळूणला अडकलीय हे त्याला शोधल्यावर कळलं असेल, आणि मग तुम्ही त्या गाडीत नाही आहात हेही कळलं असेल. ते कळल्यावरची रात्र कशी गेली असेल?

तो म्हणाला, "बाबांच्या जिवाशी खेळलीस." वाक्य वाईट आहे, आणि त्याने ते दारात, दमून आलेल्या बहिणीला ऐकवायला नको होतं. पण मला त्याच्याखाली दुसरं वाक्य ऐकू येतं: मला का नाही सांगितलंस. आई गेल्यापासून बाबा तुझ्याकडे आहेत. रोजचं पाणी, गोळ्या, दवाखाना सगळं तू करतेस. तो लांब आहे आणि त्याला ते आतून बोचत असणार. चुलतभावाला फोन केलास, सख्ख्या भावाला नाही. मुद्दाम नाही केलंस, मला माहीत आहे. आनंदात राहून गेलं. पण त्याच्या बाजूने ते तसं दिसत नाही.

म्हणून त्याची माफी माग, पण नेमक्या गोष्टींची. "मी बाबांना नेलं, चुकलं" असं म्हणू नकोस, कारण ते खरं नाही, आणि खोटी माफी मागितलीस तर पुढे कुढत बसशील. हे म्हण: तुला न सांगता गेले, ते चुकलं. गोळ्या मोजून नेल्या, जास्तीच्या घेतल्या नाहीत, ते चुकलं. फोन जपून वापरला नाही. चिपळूण सोडायला नको होतं. चार वाक्यं झाली. "पण" हा शब्द त्यांत कुठेही येऊ देऊ नकोस.

बाबांना पुण्याला न्यायचं तो म्हणतो, त्यावर तू काही लिहिलं नाहीस. भीतीने गप्प बसली आहेस असं वाटलं. या सगळ्यात मला एक खटकलं ते सांगते. तू विचारतेस माझं चुकलं का, तो विचारतो तुला अधिकार कोणी दिला, आणि ज्यांच्याबद्दल हे चाललंय ते गृहस्थ रोज एकच विचारतायत, पुन्हा कधी जायचं. त्यांना कुणी उत्तर देत नाही. महाडच्या स्टँडवर रात्री त्यांनी तुला झोपायला सांगितलं आणि स्वतः पिशव्या राखत जागे राहिले. पाय सुजलेला, घोटाभर पाण्यातून आलेला माणूस त्या रात्री बाप म्हणून वागत होता. कुठे राहायचं, पुण्याला की डोंबिवलीला, हे त्यांना विचारा. दोघांनी समोर बसून विचारा. कदाचित ते म्हणतील, चार महिने इथे, दोन महिने तिथे. कदाचित वेगळंच काही म्हणतील.

तब्येतीचं एक राहिलं. मी डॉक्टर नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बाबा पावसाळ्यात दोन तास साचलेल्या पाण्यात उभे होते, त्याआधी शेताच्या बांधावरही उभे होते. लेप्टोचा ताप अशा पाण्यातून येतो आणि तो लगेच येतोच असं नाही, दोन दिवसांपासून महिनाभरापर्यंत कधीही येऊ शकतो. तुम्हाला तीन आठवडेच झालेत. तापाच्या वेळी डॉक्टरांना हे पाण्याचं सांगितलं होतंस का? नसेल तर आता सांग. पुन्हा कणकण आली, अंग दुखलं, डोळे लाल झाले तर क्रोसिन देऊन घरी ठेवू नकोस. पायांची सूज दोन्हीकडची होती आणि उतरली, तर बरं. एकाच पोटरीला सूज, दुखणं असलं किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि चुकलेल्या गोळीच्या जागी दोन गोळ्या एकदम कधी द्यायच्या नाहीत.

जीपवाल्याला दिलेले दोन हजार विसर. गाडी रद्द झाली तर रिझर्वेशनचे पैसे मिळतात, गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि आपण जायचंच नाही ठरवलं तर गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा रेल्वेचा अर्ज, भरून पूर्ण पैसे परत मागता येतात, हे इतर वाचकांसाठी लिहून ठेवते. पॅसेंजरच्या तिकिटासाठी तुला काही करायची गरज नाही.

बाबांना लँडलाइनचा नंबर आठवला, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या नंबरावर आता कुणी उचलणारं नाही, पण पावसात, पत्र्याखाली, त्यांना घराचा म्हणून तोच आठवला. तुला मात्र एकही आठवला नाही. आज रात्री बसून नवऱ्याचा आणि भावाचा नंबर पाठ कर, मुलीकडूनही करून घे. शाळेत पाढे म्हणायचो तसे मोठ्याने म्हणा. एका कार्डावर नंबर, बाबांच्या गोळ्यांची नावं आणि डॉक्टरांचं नाव लिहून प्लास्टिकच्या पाकिटात बाबांच्या शर्टच्या खिशात ठेव. गोळ्यांचं पाकीट वेगळं करून ठेव, त्यात कायम चार दिवसांच्या जास्त गोळ्या, आणि ते प्रवासाच्या पिशवीतच राहू दे. म्हणजे पुन्हा कधी शुक्रवारी रात्री जेवताना ठरलं, तरी शनिवारी पहाटे निघता येईल. अचानक जायचं असेल तर एवढी तयारी कायमची हवी, आणि ती एकदाच करायची असते.

पुन्हा कधी, याचं उत्तर मी देऊन टाकते. कापणीला जा. दसरा-दिवाळीच्या आसपास भात पिवळं होतं, पाऊस मागे हटलेला असतो, गाड्याही ऑक्टोबर सरता सरता नेहमीच्या वेळेवर आलेल्या असतात. आणि येताना डोंबिवलीला येऊ नकोस.

हे मी मुद्दाम लिहिते. त्या रात्री तुझ्या डोक्यात घर म्हणजे डोंबिवलीच होतं, त्यामुळे चिपळूणहून वर पनवेलकडे जाणारा एकच रस्ता तुला दिसला. पण मागे साठेक किलोमीटरवर गावचं घर होतं. चिपळुणात रात्र काढली असतीस, तर सकाळी उजेडात कुंभार्ली चढून पाटण, उंब्रज, सातारा करत पुण्याला भावाकडे जाता आलं असतं. तेही घरच आहे ना? तेव्हा या खेपेला ठरवूनच तसं कर. देवरुखहून साखरपा, आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर, आणि तिथून पुणे. घाटात उन्हं असतील. बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली असतील तर राज्यात एसटीने त्यांना तिकीट नाही, तुला अर्धं. आधारकार्ड मात्र बरोबर हवं. कोल्हापुरात एक मुक्काम करा, एका दमात ओढू नका. पुण्याला दोन दिवस राहा. ऑफिसात सोमवारची आणि मंगळवारचीही रजा आधीच टाक. मंगळवार रिकामा गेला तर जाऊ दे.

भावाला त्यात घे. "येतोस का" असं विचारू नकोस, त्याला काम दे. कोल्हापूरहून पुढचं तू बघ, म्हण. गाडी घेऊन येईल, नाहीतर तिकिटं काढेल. त्याला काहीतरी करायचं आहे, ते त्याच्या ओरडण्यातही दिसतं.

आता फोनचं. मेसेज लिहू नकोस, लांबलचक तर नकोच. रविवारी दुपारी कर, जेवणं झाल्यावर, तो घरी असेल तेव्हा. बाबांच्या फोनवरून नको, तुझ्या स्वतःच्या फोनवरून. उचलला नाही तर तासाभराने परत. उचलल्यावर ती चार वाक्यं म्हण. मग त्याला विचार, त्या रात्री तू कुणाकुणाला फोन लावलेस? तो आधी म्हणेल, जाऊ दे. मग सांगायला लागेल. चिपळूणला लावला, खेडला लावला, पोलिसांना लावला, गावी लावला, काय असेल ते. सगळं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.

तुझी मावशी